डोळ्यातली इंजेक्शनं आणि पुढची दहा वर्षं: ओल्या एएमडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागणार असं कळलं की पहिला प्रश्न येतो, दुखेल का? लगेच दुसरा, किती घ्यावी लागतील? तिसरा प्रश्न लोकांच्या मनात काही महिन्यांनी उगवतो आणि मग जात नाही: पाच-दहा वर्षांनी या डोळ्याला किती दिसत असेल? या पानाचा भर त्या तिसऱ्या प्रश्नावर आहे. मी डॉक्टर नाही. डोळ्याच्या पडद्याचे (रेटिनाचे) आजार असलेल्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलत बसणं, समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या डोळ्याचा निर्णय मात्र तुमचे डॉक्टर तपासणी आणि ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, पाहूनच घेतील.

1. एएमडी म्हणजे काय? त्यात 'कोरडी' आणि 'ओली' असं काय असतं?

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाची छोटीशी जागा असते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, हे सगळं तिच्या जोरावर चालतं. एएमडी म्हणजे वयामुळे होणारा या मॅक्युलाचा आजार. वय वाढतं तसे तिच्याखाली पिवळसर ठिपके साठायला लागतात. त्यांना ड्रुसन म्हणतात. कोरड्या प्रकारात तिथल्या पेशी हळूहळू, वर्षानुवर्षं विरत जातात. ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून पाणी किंवा रक्त झिरपतं. हा प्रकार झपाट्याने वाढतो. दाराची सरळ चौकट मध्येच वाकल्यासारखी दिसते, अक्षरं एकमेकांत शिरतात, नजरेच्या मध्यभागी धुरकट डाग येतो. कडेची नजर सहसा शाबूत राहते. त्यामुळे एएमडीने डोळ्यापुढे पूर्ण काळोख होणं फार विरळ.

2. या इंजेक्शनात असतं काय? एकदा घेऊन आजार बरा का होत नाही?

नव्या रक्तवाहिन्या वाढायला आणि गळायला लावणारं एक प्रथिन शरीरात तयार होतं, त्याचं नाव व्हीईजीएफ. नेपोलिओने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये ते ओळखून वेगळं केलं. इंजेक्शनातलं औषध या प्रथिनाला पकडून ठेवतं, गळती थांबते, साठलेलं पाणी ओसरतं. पण औषध काही आठवड्यांत डोळ्यातून निघून जातं आणि ती वाहिनी मात्र बहुधा तिथेच असते, निपचित पडलेली. व्हीईजीएफ पुन्हा वाढलं की ती पुन्हा गळते. मी लोकांना रक्तदाबाच्या गोळीचं उदाहरण देते. आजचा दाब चांगला आला म्हणून उद्याची गोळी कुणी सोडत नाही.

3. इंजेक्शन दुखतं का? नेमकं काय करतात?

आधी सुन्न करणारे थेंब घालतात. मग पोव्हिडोन आयोडीनने डोळा आणि पापण्या स्वच्छ करतात. पापणी मिटू नये म्हणून छोटा चाप लावतात. बहुतेकांना सगळ्यात नकोसा वाटतो तो हा चापच. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, केसासारख्या बारीक सुईने 0.05 मिलिलिटर औषध आत सोडतात. तेवढं म्हणजे जेमतेम एक थेंब. प्रत्यक्ष टोचणं काही सेकंदांचं, आणि ते टोचण्यापेक्षा दाबल्यासारखं जाणवतं. त्या संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं चुरचुरतं, ते जास्त करून आयोडीनमुळे. एक-दोन दिवस काळे गोल बुडबुडे तरंगताना दिसले किंवा पांढऱ्या भागावर लाल डाग उमटला, तर घाबरू नका. कशाला घाबरायचं ते प्रश्न 13 मध्ये आहे.

4. पहिल्या वर्षात नजर किती सुधारते?

डॉक्टर तक्त्यावरच्या अक्षरांत मोजतात. एका ओळीत 5 अक्षरं, म्हणजे 15 अक्षरं वाढली तर तीन ओळी जास्त वाचता आल्या. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मरीना' चाचणीत 716 रुग्ण होते. ज्यांना दर महिन्याला रॅनिबिझुमॅब या व्हीईजीएफ रोखणाऱ्या औषधाचा पूर्ण डोस मिळाला, त्यांची नजर वर्षअखेरीला सरासरी 7 अक्षरांनी वाढलेली होती. ज्यांना नुसतं इंजेक्शन दिल्याचा आभास करण्यात आला, त्यांची 10 अक्षरांनी घटली होती. तीन ओळींची सुधारणा पहिल्या गटात साधारण तिघांत एकाला झाली, दुसऱ्या गटात विसांत एकाला.

यातला फायदा बहुतांशी पहिल्या तीन-चार महिन्यांत दिसतो. पुढचा सगळा खटाटोप तो राखण्याचा असतो. हे आधीच सांगितलेलं नसेल तर सहाव्या इंजेक्शनानंतर लोक खट्टू होतात, 'आता फरक पडत नाही' म्हणतात. फरक न पडणं हेच त्या टप्प्यावर हवं असतं.

5. पाच, सात, दहा वर्षांनी काय होतं? खरं सांगा.

आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत यातच खरं उत्तर आहे.

'मरीना' आणि तिची जोडचाचणी 'अँकर' यांतल्या 65 रुग्णांना सरासरी सव्वासात वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. त्यांची नजर उपचार सुरू होण्याच्या आधीपेक्षाही सरासरी 8 ते 9 अक्षरांनी खाली गेली होती. 37 टक्के लोकांना 6/21 (निरोगी डोळ्याला 21 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसत होतं, आणि तितक्याच जणांची नजर 6/60 किंवा त्याखाली होती. वाचताना वाईट वाटतं. पण मधल्या काळात काय झालं तेही पाहा. पहिली दोन वर्षं दरमहा इंजेक्शन मिळालेल्या या लोकांना शेवटच्या साधारण साडेतीन वर्षांत सरासरी सातहूनही कमी इंजेक्शनं मिळाली होती. त्याच काळात 11 किंवा जास्त घेतलेल्यांची स्थिती इतरांपेक्षा चांगली होती.

अमेरिकेतल्या 'कॅट' चाचणीत पाच वर्षांनी 647 रुग्ण तपासले गेले. निम्म्यांना 6/12 किंवा त्याहून चांगलं दिसत होतं, पाचांत एकाची नजर 6/60 किंवा त्याखाली होती. सरासरी सुरुवातीपेक्षा तीनेक अक्षरं कमी. इथेही दोन वर्षांनंतर चाचणीचं वेळापत्रक संपलं होतं आणि घसरण त्यानंतरची होती.

आता ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या नोंदी. रोजच्या दवाखान्यांतल्या या रुग्णांना वर्षाला पाच-सहा इंजेक्शनं मिळत राहिली. त्यांची सरासरी नजर जवळपास सहा वर्षं सुरुवातीच्या पातळीच्या वर टिकली. दहा वर्षं पाठपुरावा झालेल्यांत ती सुरुवातीइतकीच होती, फक्त एका अक्षराचा फरक. त्याच नोंदवहीत स्वित्झर्लंडच्या डोळ्यांनी तेवढ्याच काळात सरासरी 15 अक्षरं गमावली. ऑस्ट्रेलियाकडच्या डोळ्यांना दहा वर्षांत साधारण 53 इंजेक्शनं मिळाली होती, स्वित्झर्लंडकडच्यांना 42.

एक सावधगिरी बाळगा. दहा वर्षं तपासणीला येत राहणारे लोक मुळातच निवडक असतात. ज्यांचं वय झालं, जे गेले, जे कंटाळून थांबले, ते हिशेबात नाहीत. म्हणून कुठलाही एक आकडा आपल्या डोळ्यावर चिकटवू नये. पण सगळीकडे एकच दिशा दिसते: उपचार अपुरा पडला की नजर घसरते, नियमित राहिला की बरीच टिकते.

6. शेवटी नजर घटणारच असेल, तर एवढा त्रास का घ्यायचा?

कारण तुलना तरुणपणच्या डोळ्याशी नसते, उपचार न केलेल्या डोळ्याशी असते. प्रश्न 4 मधला आभासी इंजेक्शनांचा गट आठवा. दोन वर्षांत त्यांची सरासरी नजर तीन ओळींनी खाली गेली होती, आणि पुढे जात राहिली असती. डेन्मार्कमध्ये 2000 ते 2010 या दहा वर्षांत एएमडीमुळे कायद्याच्या व्याख्येनुसार अंध ठरणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्यातली बरीचशी घट ही इंजेक्शनं आल्यानंतरची.

मला मात्र आकड्यांपेक्षा एक बाई आठवतात. आठ वर्षं इंजेक्शनं घेत होत्या. तक्त्यावर दोन ओळी गमावल्या होत्या, आणि दर भेटीला पिशवीतून आपली वही काढून दाखवायच्या. औषधाच्या वेळा स्वतःच्या हाताने लिहिलेल्या. अक्षर मोठं होत गेलेलं, ओळ थोडी तिरकी, पण त्यांचं स्वतःचं.

7. एकही तारीख चुकवली नाही, तरी नजर कमी होतेय. असं का?

मुख्य कारणं तीन. गळती पुरती आटोक्यात नसते. किंवा जुन्या गळतीच्या जागी व्रण धरलेला असतो, आणि व्रणावर औषध चालत नाही. किंवा, वर्षं सरत जातात तसं हेच जास्त आढळतं, ओली बाजू शांत असते आणि खालून कोरडा आजार पेशी झिजवत असतो. 'कॅट'मध्ये अशी झीज दोन वर्षांनी साधारण सहांत एका डोळ्यात होती, पाच वर्षांनी 38 टक्क्यांत. व्हीईजीएफ रोखणारं औषध ही झीज थांबवत नाही. म्हणून 'ओसीटी कोरडी आहे (म्हणजे पाणी नाही) पण दिसत नाही' असं ऐकायला मिळतं, तेव्हा कुणी खोटं बोलत नसतं. याशिवाय मोतीबिंदूही नजर ओढतो (प्रश्न 15).

8. इंजेक्शनांमुळेच पडदा झिजतो असं ऐकलं. बंद करावीत का?

या शंकेला थोडा आधार आहे. 'कॅट'मध्ये दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांत झीज गरजेपुरती घेणाऱ्यांपेक्षा काहीशी जास्त आढळली. पण नजर त्याच दरमहा गटाची किंचित उजवी होती. शिवाय गळती बंद झाल्यावर आधीची झीज उघडी पडते, हाही एक भाग आहे. झिजेच्या भीतीने इंजेक्शन सोडलेल्या डोळ्यात गळती परतते आणि ती नजर कितीतरी वेगाने नेते. माझं मत स्पष्ट आहे: या कारणासाठी स्वतःहून थांबू नका. अंतर वाढवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

9. म्हणजे जन्मभर दर महिन्याला?

दर महिन्याला बहुधा नाही. सुरुवातीला महिन्याच्या अंतराने तीन डोस देतात. पडदा कोरडा झाला की अंतर दोन-दोन किंवा चार-चार आठवड्यांनी वाढवत नेतात: सहा, आठ, दहा, बारा. पाणी पुन्हा दिसलं की एक पाऊल मागे. प्रत्येक डोळ्याला स्वतःचं अंतर असतं. कुणाला चार आठवड्यांच्या पुढे जमत नाही, कुणी सोळावर निवांत असतं. शेजारच्याशी तुलना करून काही हाती लागत नाही.

काही डोळे दीर्घकाळ शांत राहतात आणि डॉक्टर इंजेक्शन थांबवून फक्त तपासणी ठेवतात. तपासणी मात्र सुटत नाही, कारण महिन्यांनी, कधी वर्षांनीही आजार परततो.

10. मध्ये चार-पाच महिने खंड पडला. आता पुन्हा सुरू करून उपयोग आहे?

आहे, आणि आजच फोन करा. फक्त गेलेलं सगळं परत येईल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पाणी ओसरतं, पण ते साठलेलं असताना पेशी दगावलेल्या असतात.

एक आजोबा वर्षभर उत्तम चालले होते, चष्मा लावून बारीक टाइप वाचायचे. घरात दुसऱ्याचं आजारपण निघालं, दोन तारखा हुकल्या, मग 'दिसतंय की नीट' म्हणून आणखी तीन. परत आले तेव्हा तक्त्यावरच्या चार ओळी गेल्या होत्या. लागोपाठ तीन इंजेक्शनांनी पडदा कोरडा झाला, ओळी आल्या दोनच. ते कुणाला दोष देत नव्हते. पुढची तारीख मात्र त्यांनी तळहातावर पेनाने लिहून घेतली. कोविडच्या टाळेबंदीत तपासण्या चुकलेल्या अनेकांचं असंच झालं.

यायला जमणार नसेल तर तारीख रद्द करून गप्प बसू नका, त्याच फोनवर जवळची दुसरी तारीख मागा. सोबतीला कोण येणार, हे आदल्या आठवड्यात ठरवा. तारीख चुकण्याची मी पाहिलेली बहुतेक कारणं आजाराची नव्हती, सोबत मिळाली नाही हेच कारण होतं.

11. औषध कोणतं चांगलं? स्वस्त औषध म्हणजे कमी गुणाचं का?

बेव्हासिझुमॅब हे मूळ मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं औषध, 2004 मध्ये मान्य झालेलं. 2005 पासून ते डोळ्यात वापरलं जातं, लहान डोसांत विभागून. रॅनिबिझुमॅब 2006 मध्ये खास डोळ्यासाठी आलं. दोन्हींची थेट तुलना 'कॅट'ने केली आणि नजरेच्या बाबतीत दोन्ही बरोबरीची ठरली. बेव्हासिझुमॅबबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ते निर्जंतुक जागी, नीट विभागलेलं आहे ना? 2011 मध्ये अफ्लिबरसेप्ट आलं, 2022 मध्ये फॅरिसिमॅब, 2023 मध्ये अफ्लिबरसेप्टचा जास्त मात्रेचा डोस. नव्यांचा मुख्य फायदा अंतर वाढण्यात आहे, अक्षरं जास्त मिळण्यात नाही. 2019 च्या ब्रोलुसिझुमॅबने पडदा छान कोरडा केला, पण काहींच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन नजर गेली. म्हणून ते आता जपून वापरतात. मान्यताप्राप्त बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध, मूळ औषधाइतकंच काम करतं हे दाखवल्यावरच बाजारात येतं.

परवडेल आणि वर्षानुवर्षं चालू ठेवता येईल ते औषध, चार डोसांनंतर सोडाव्या लागणाऱ्या औषधापेक्षा डोळ्याच्या जास्त कामाचं.

12. ओसीटीत थोडं पाणी आहे, तरी डॉक्टर म्हणाले चालेल. हा हलगर्जीपणा तर नाही?

पाणी कुठे आहे यावर ते अवलंबून. पडद्याच्या आतल्या थरांतलं पाणी नजरेला जास्त घातक, ते सहसा चालवून घेत नाहीत. पडद्याखालचं थोडं, स्थिर पाणी काही रुग्णांत चालवून घेता येतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असं थोडं पाणी राहू दिलेल्यांची नजर दोन वर्षांनी पूर्ण कोरडेपणाचा आग्रह धरलेल्यांइतकीच होती. 'पाणी आत आहे की खाली, आणि वाढतंय का?' एवढं विचारा.

13. इतकी इंजेक्शनं घेऊन डोळ्यात संसर्ग होणार नाही?

एका इंजेक्शनामागे धोका फार कमी, साधारण दोन ते तीन हजारांत एक. पण हा हिशेब दीर्घकाळाचा आहे, म्हणून पुढचंही सांगते: पन्नास इंजेक्शनं घेतली तर तो दीड ते अडीच टक्क्यांपर्यंत जातो. उपचार टाळावा इतका तो मोठा नाही, आणि विसरून जावा इतका छोटाही नाही.

इंजेक्शननंतरच्या आठवड्यात दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, लाली वाढली, उजेड सहन होईना, नजर धुरकटत गेली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच डॉक्टरांना गाठा. तसंच डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखा झाला किंवा विजा चमकल्यासारख्या दिसल्या तरी. नुसता लाल डाग, न दुखणारा, हा किरकोळ रक्तस्राव असतो. वर्षानुवर्षं इंजेक्शनं घेणाऱ्या काहींचा डोळ्याचा दाब वाढतो. काचबिंदू असेल तर दर भेटीला दाब मोजून घ्या.

14. वडिलांना हृदयविकार आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. चालेल का?

गोळी सहसा बंद करत नाहीत. ती स्वतःच्या मनाने थांबवणं डोळ्यातल्या लाल डागापेक्षा कितीतरी धोक्याचं. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात अलीकडेच होऊन गेला असेल, तर मात्र डोळ्यांच्या आणि हृदयाच्या, दोन्ही डॉक्टरांना सांगा. ते औषध आणि वेळ ठरवतील.

15. मोतीबिंदूही आहे. आधी काय करायचं?

आधी पडदा शांत, मग मोतीबिंदू. गळती आटोक्यात असताना शस्त्रक्रिया करता येते, इंजेक्शनांची तारीख तिच्याभोवती बसवतात. किती दिसेल हे पडद्यात किती जीव उरला आहे त्यावर ठरतं, हे शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवा. नंतरची निराशा टळते.

16. दुसऱ्या डोळ्याला होईल का?

शक्यता बरीच आहे. 'कॅट'मध्ये दुसरा डोळा तोवर ओल्या आजारापासून मुक्त असलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला दोन वर्षांत तो झाला. आणि अनेकांच्या बाबतीत आयुष्यभर कामाला येतो तो हा दुसराच डोळा, कारण तो लवकर पकडला जातो.

चौकटींचा कागद, ॲम्स्लर ग्रिड, कपाटाच्या दारावर नजरेच्या उंचीला चिकटवा. जवळचा चष्मा लावून, हातभर अंतरावरून, एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मधल्या ठिपक्याकडे बघा. मग दुसरा. रेष वाकली, चौकट गायब झाली, की त्याच आठवड्यात तपासणी. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघणाऱ्यांची फसगत होते: चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकून टाकतो.

17. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, आहार यांनी फरक पडतो?

मध्यम टप्प्यातला कोरडा आजार असेल, किंवा एका डोळ्यात आजार पुढे गेलेला असेल, तर ठरावीक मिश्रणाने पुढच्या टप्प्यावर जाण्याची शक्यता पाच वर्षांत साधारण पाव भागाने घटते. हे 2001 च्या 'एरेड्स' अभ्यासात दिसलं. 2013 मध्ये त्यात बदल करून बीटा-कॅरोटीन काढलं आणि ल्युटीन 10 मिलिग्रॅम, झियाझँथिन 2 मिलिग्रॅम घातलं, कारण बीटा-कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. या गोळ्या इंजेक्शनची जागा घेत नाहीत. धूम्रपान सोडणं मात्र आजच करण्यासारखं.

18. आईला समोर माणसं, फुलं, नक्ष्या दिसतात. तिचं डोकं ठीक आहे ना?

बहुधा अगदी ठीक आहे. नजर कमी झाली की मेंदू रिकामी जागा स्वतःच्या चित्रांनी भरतो. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. बॉने यांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत त्याची नोंद केली होती. दिसतं ते खरं नाही हे रुग्णाला कळत असतं, आवाज येत नाहीत. अनेक जण वेड ठरवतील या भीतीने वर्षानुवर्षं सांगत नाहीत, म्हणून तुम्हीच विचारा. आवाज येत असतील किंवा गोंधळ वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

19. कोरड्या एएमडीवर इंजेक्शन नाही का?

व्हीईजीएफवरची औषधं तिथे चालत नाहीत. पुढच्या टप्प्यातल्या झिजेसाठी पेगसेटाकोप्लान आणि अव्हासिनकॅप्टॅड पेगोल या दोन इंजेक्शनांना 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती झिजेचा वेग कमी करतात, गेलेली नजर आणत नाहीत.

20. इंजेक्शनं कधी थांबवणं योग्य?

मधोमध जाड व्रण धरला आहे किंवा पेशीच उरल्या नाहीत, आणि काही डोसांनंतरही नजरेत वा ओसीटीत काही बदल नाही, तेव्हा डॉक्टर थांबायला सुचवतात. रुग्ण फार थकलेला असेल, दवाखान्याची प्रत्येक फेरी त्याला सोसवत नसेल, तर त्याचं म्हणणं सगळ्यात आधी ऐकावं. दुसऱ्या डोळ्याची अवस्थाही पाहावी. एकुलता कामाचा डोळा असेल तर थोडी नजर राखायलाही प्रयत्न चालू ठेवतात.

थांबायचं ठरलं तर त्याच भेटीत लो व्हिजन विभागाची (उरलेल्या नजरेचा वापर शिकवणाऱ्या विभागाची) चिठ्ठी मागून घ्या. प्रकाशाचं भिंग, मोठ्या अक्षरांचा फोन, मजकूर वाचून दाखवणारं ॲप, डागाच्या बाजूने तिरकं बघायचा सराव, हे सगळं तिथे शिकवतात. आणि दुसऱ्या डोळ्याची तपासणी ठरलेल्या तारखेला चालूच ठेवा.